कॅनोपस : कोरोनेलला न पोचलेली आणि फॉकलंडच्या गाळात बसून लढलेली म्हातारी युद्धनौका

तांडेल (धागाकर्ता)

पहिल्या महायुद्धातल्या आरमारांवर आपल्याकडे बोलणं निघालं की गाडी जटलंडवर, म्हणजे १९१६ च्या उत्तर समुद्रातल्या मोठ्या लढाईवर, जाते आणि तिथेच थांबते. मला आज अशा एका नौकेबद्दल लिहायचं आहे जी १९१४ साली भंगाराच्या वाटेवर होती. तिचं नाव ‘कॅनोपस’.

१८९७ मध्ये पोर्ट्समथला तिचा सांगाडा उभा राहिला आणि १८९९ च्या अखेरीस ती तयार झाली. १२ इंची चार तोफा, ६ इंची बारा, वेग १८ नॉट (म्हणजे तासाला १८ सागरी मैल). सुएझ कालव्यातून जाता यावं आणि चीनच्या समुद्रात वावरता यावं म्हणून चिलखत जरा हलकं ठेवलेलं. तिच्यासारख्या एकूण सहा नौका होत्या : कॅनोपस, गोलायथ, अल्बियन, ओशन, ग्लोरी, व्हेंजन्स. १९०६ मध्ये १२ इंची दहा तोफा आणि २१ नॉट वेग घेऊन ड्रेडनॉट ही नवी ब्रिटिश युद्धनौका आली आणि या सगळ्या बहिणी एका दिवसात म्हाताऱ्या झाल्या. युद्धाच्या आधी कॅनोपस पेंब्रोक डॉकला राखीव ताफ्यात नुसती बांधून ठेवलेली होती.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं. राखीव दलातली माणसं गोळा करून तिच्यावर चढवली आणि तिला आधी केप व्हर्देकडे, मग थेट दक्षिण अटलांटिकमध्ये पाठवलं. तिकडे रिअर ॲडमिरल क्रॅडॉक यांना जर्मन ॲडमिरल फॉन श्पे यांचा ताफा शोधून काढायचा होता. श्पेकडे शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाउ या दोन चिलखती क्रूझर होत्या, जर्मन आरमारात नेमबाजीचं बक्षीस मिळवलेल्या. क्रॅडॉककडे गुड होप आणि मॉनमथ. याही जुन्याच, आणि दोघींवर राखीव खलाशांचाच भरणा. लंडनच्या नौदल मुख्यालयाचा हिशेब असा की कॅनोपसच्या चार मोठ्या तोफा सोबत असल्या की क्रॅडॉक सुरक्षित. तेव्हाचे नौदलमंत्री चर्चिल यांच्या लेखी ती तरंगता बालेकिल्ला होती.

२२ ऑक्टोबरला ती फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्लीला पोचली. तिचे मुख्य इंजिनियर, कमांडर विल्यम डेनबो, यांनी कळवलं की कंडेन्सर (वाफेचं पुन्हा पाणी करणारी यंत्रं) गळतायत, १२ नॉटच्या वर जाता येणार नाही. क्रॅडॉक तिच्यासाठी थांबले नाहीत. कोळसावाहू जहाजांना सोबत करत तू मागून ये, असं सांगून ते हॉर्न भूशिराला वळसा घालायला निघाले.

१ नोव्हेंबर १९१४. चिलीच्या किनाऱ्यावर कोरोनेलसमोर संध्याकाळी गाठ पडली. मावळतीच्या उजेडात ब्रिटिश नौका आकाशावर ठळक उमटल्या होत्या आणि जर्मन नौका किनाऱ्याच्या काळोखात मिसळल्या होत्या. गुड होप आणि मॉनमथ दोन्ही बुडाल्या. सुमारे १,६०० माणसं गेली, त्या दोन नौकांवरचा एकही जण वाचला नाही. जर्मनांचे जखमी तीन. कॅनोपस तेव्हा सुमारे ३०० मैल दक्षिणेला होती, कोळसावाहू जहाजं घेऊन वर येत होती.

आता ज्या गोष्टीसाठी हा धागा काढला ती सांगतो. कॅनोपसला १२ नॉटच पळता येतं हे खरं नव्हतं. हॉर्नच्या वाटेवर दुय्यम इंजिनियरने कप्तान हीथकोट ग्रँट यांना सांगितलं की इंजिनं साडेसोळा नॉट देऊ शकतात, आजारी आहेत ते साहेब. डेनबो जवळपास पूर्ण प्रवास आपल्या केबिनमध्येच होते. त्यांचं मन ढासळलं होतं. ग्रँटनी ही बातमी क्रॅडॉकना कळवली नाही. कळवूनही नौका तेवढ्या वेळात पोचेल असं त्यांना वाटलं नसावं. डेनबोंना पुढे आजारी म्हणून मायदेशी पाठवण्यात आलं.

बहुतेक वर्णनांत हा माणूस दीड ओळीत संपतो : इंजिनियरने चुकीचा अहवाल दिला. मला ते पटत नाही. १५ वर्षांची यंत्रं, अर्धवट शिकलेले हात, हजारो मैलांचा प्रवास आणि वरून रोज ‘वेग किती?’ हा प्रश्न. ज्या माणसाकडून हे सगळं ओढून घेतलं त्याचा विचार कुणी का करत नाही? इथे जहाजावर काम केलेले लोक आहेत. त्यांनी जरूर लिहावं.

---

सातारचा_माळ

लेख आवडला, पण मला एक शंका आहे. वेग १२ असो नाहीतर १६, कॅनोपस कोरोनेलला असती तर काय फरक पडला असता? मी उलट म्हणेन की तीही बुडाली असती. तिच्या १२ इंची तोफा जुन्या बांधणीच्या. पल्ला साडेबारा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे शार्नहोर्स्टच्या २१ सेंटिमीटरच्या तोफांइतकाच. एकदा बार काढला की पुन्हा भरायला अर्ध्या मिनिटावर वेळ. तितक्यात जर्मन तोफा दोनदा तरी वाजत. शिवाय तोफांच्या फिरत्या बुरुजांवरचे अधिकारीही राखीव दलातले, आधी कधी बुरुजात पाऊल न ठेवलेले.

‘बालेकिल्ला’ हा शब्द लंडनमध्ये टेबलावर नकाशा पसरून बसलेल्या माणसाला सुचतो. १२ इंच हा आकडा कागदावर भारदस्त दिसतो.

---

तांडेल

@सातारचा_माळ, तोफांबद्दल सहमत. पण एक बाजू राहते. क्रूझर नौकेचा कप्तान १२ इंची गोळ्याच्या टप्प्यात सहजासहजी शिरत नाही. एकच गोळा बसला आणि वेग घटला तर घरापासून आठ-दहा हजार मैलांवर दुरुस्तीला गोदी नाही. श्पेंची सगळ्यात मोठी अडचण हीच होती. कॅनोपस जिंकली असती असं मी म्हणत नाही. ती सोबत असती तर श्पे त्या संध्याकाळी लढायला इतके उत्सुक असते का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि क्रॅडॉक का थांबले नाहीत, याला आणखी एक कारण आहे. ऑगस्टमध्ये भूमध्य समुद्रात गोबेन ही जर्मन नौका निसटली. तिच्याशी न लढल्याबद्दल ट्रुब्रिज या ॲडमिरलवर चौकशी बसली होती. आपल्यावर तसा डाग नको, हे क्रॅडॉक यांच्या मनात होतं. १२ नॉटच्या नौकेला धरून बसलो तर शत्रू सापडणारच नाही, असं त्यांनी मुख्यालयाला कळवलं होतं. मुख्यालयाची उत्तरं संदिग्ध राहिली.

---

हर्णैचा_आगवाला

तांडेल, तुम्ही बोलावलंत म्हणून लिहितो. मी २८ वर्षं इंजिनरूममध्ये काढली, सुरुवातीची काही वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या टँकरांवर. कंडेन्सर गळणं म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे डेनबोंच्या डोक्यावर काय होतं ते कळेल.

बॉयलरमध्ये गोडं पाणी असतं. त्याची वाफ इंजिन फिरवते. काम झालेली वाफ कंडेन्सरमध्ये येते. तिथे पितळेच्या बारीक नळ्यांमधून समुद्राचं थंड पाणी वाहत असतं, त्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते परत बॉयलरला जातं. नळ्या शेकड्यांनी. एखादी नळी फुटली किंवा टोकाचं पॅकिंग सैल झालं की खारं पाणी गोड्यात शिरतं. कंडेन्सरमध्ये निर्वात पोकळी असल्यामुळे ते आत ओढलंच जातं.

जुन्या गोल बॉयलरना थोडं मीठ चालून जायचं. कॅनोपसवर बेलव्हिल जातीचे बॉयलर होते, पाणी नळ्यांत आणि आग बाहेर. त्यांना मीठ अजिबात सोसत नाही. नळीत खार धरली की तेवढ्या जागी धातू तापून लाल होतो, फुगतो आणि फुटतो. समोर कोळसा टाकणारी माणसं उभी असतात. भाजून मेलेल्या स्टोकरांच्या गोष्टी त्या काळच्या प्रत्येक इंजिनियरने ऐकलेल्या असणार.

पाण्यात मीठ आलं का ते बघायला सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतात. नमुना दुधट झाला की मीठ आलं. आमच्या वेळीही हीच परीक्षा होती.

१९८० च्या दशकात मी थर्ड इंजिनियर असताना आखातात आमचा कंडेन्सर गळू लागला. कंपनीला माल वेळेवर हवा होता, थांबायची परवानगी नव्हती. आम्ही पंपाच्या तोंडाशी लाकडाचा भुसा सोडला. भुसा पाण्याबरोबर जातो आणि गळतीच्या भोकात अडकून बसतो, ही जुनी युक्ती आहे. तात्पुरतं थांबलं. रात्री पुन्हा सुरू. तीन दिवस मी जेमतेम चार-पाच तास झोपलो असेन. नंतर गळती बंद झाली तरी मला दर नमुना दुधट दिसायचा. आमचे चीफ साहेब बाजूला उभे राहून म्हणायचे, ‘अरे, स्वच्छ आहे पाणी.’ मला मात्र दिसायचं ते पांढरंच. मी तरुण होतो, दोन बंदरांनंतर सुट्टी मिळाली, बरा झालो.

डेनबोंना सुट्टी कोण देणार होतं? ते स्वतःच चीफ होते. त्यांच्यावर कुणी नव्हतं ज्याने खांद्यावर हात ठेवून सांगावं की पाणी स्वच्छ आहे. त्यांना १२ च्या वर भीती वाटत होती आणि त्यांनी १२ सांगितलं. मी त्यांना खोटारडा म्हणणार नाही.

---

कृत्तिका

काका, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. बाबाही बोटीवर होते, पण कधी काही सांगितलं नाही त्यांनी.

मला युद्धातलं कळत नाही, पण नावाबद्दल थोडं सांगते. कॅनोपस हे मूळ इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन शहराचं नाव. नाईलच्या लढाईत १७९८ मध्ये इंग्रजांनी ‘फ्रँकलिन’ नावाचं फ्रेंच जहाज पकडलं, त्याला कॅनोपस नाव दिलं, आणि तिथून ते या नौकेकडे आलं. याच नावाचा तारा म्हणजे आपला अगस्त्य. पुण्यातून तो दक्षिण क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर येतो आणि लगेच खाली उतरतो. पोर्ट स्टॅन्ली ५१.७ अंश दक्षिणेला आहे, ताऱ्याची क्रांती (आकाशातलं विषुववृत्तापासूनचं अंतर) ५२.७ अंश दक्षिण. म्हणजे तिथे अगस्त्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि कधीच मावळत नाही. त्या बंदरात थांबलेल्या खलाशांना आपल्या नौकेचा तारा रोज रात्री दिसत असणार, अर्थात ढग नसतील तेव्हा.

---

सातारचा_माळ

@हर्णैचा_आगवाला, कंडेन्सरचं इतकं सोपं वर्णन मी कुठे वाचलं नव्हतं. डेनबोंबद्दल माझं मत बदललं. पण मग दोष कप्तान ग्रँट यांच्याकडे जात नाही का? खरा वेग कळल्यावर एक बिनतारी संदेश तरी पाठवायचा.

---

तांडेल

ग्रँट यांच्याबद्दल एकदम निकाल देऊ नका. पुढचा भाग मुद्दाम राखून ठेवला होता, कारण तो त्यांचा आहे.

कोरोनेलमधून ग्लासगो ही हलकी क्रूझर निसटली आणि तिने कॅनोपसला इशारा दिला. ग्रँटनी नौका वळवली. १५-१६ नॉटपर्यंत वेग काढत दोघी दक्षिणेला पळाल्या आणि ८ नोव्हेंबरला स्टॅन्लीला आल्या. तिथून उत्तरेकडे निघतात तोच मुख्यालयाचा हुकूम आला : कॅनोपसने परत जावं, बेटांचं रक्षण करावं. मदत कधी येईल त्याचा पत्ता नाही, आणि श्पे कुठल्याही सकाळी दारात उभे राहू शकत होते.

ग्रँट यांनी तेव्हा जे केलं त्यासाठी मला ते थोर वाटतात. त्यांनी नौका आतल्या बंदरात नेली आणि जाणूनबुजून गाळात बसवली. तोफा खाडीच्या मुखाकडे आणि बुटक्या टेकड्यांच्या पलीकडच्या समुद्राकडे राहतील अशी जागा निवडली. पळायचं नाही म्हटल्यावर वेगाचा प्रश्नच मिटला. डोलकाठ्यांचे वरचे भाग उतरवले, अंगावर रंगाचे पट्टे मारून ती किनाऱ्याच्या खडकांत मिसळवली. लहान तोफा काढून टेकड्यांवर चढवल्या, मरीन सैनिक किनाऱ्यावर उतरवले. तेलाच्या पिंपांत स्फोटकं भरून सुरुंग केले आणि ते बंदराच्या तोंडाशी पेरले. सॅपर हिल या टेकडीवर टेहळणीची चौकी, तिथून टेलिफोनची तार. तोफा टेकडीमागून शत्रू न दिसता मारायच्या होत्या, म्हणून गोळा कुठे पडला ते चौकीवरून सांगायचं.

किनाऱ्यावरचे लोकही यात होते. फिट्झरॉयच्या शेतावरच्या फेल्टनबाई आपल्या मोलकरणींना टेकडीवर पाठवून दिसलेल्या जहाजांची खबर फोनवर देत होत्या. ८ डिसेंबरला श्पे यांची कोळसावाहू जहाजं सापडली ती त्यांच्यामुळे.

तिकडे लंडनमध्ये ॲडमिरल फिशर नौदलाच्या प्रमुखपदी परत आले होते. त्यांनी इन्व्हिन्सिबल आणि इन्फ्लेक्सिबल या दोन बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांच्या वेगवान युद्धनौका) ॲडमिरल स्टर्डी यांच्या हाताखाली पाठवल्या. त्या ७ डिसेंबरला स्टॅन्लीला पोचल्या आणि ८ ला सकाळी कोळसा भरत होत्या. नेमक्या त्याच सकाळी श्पे आले.

७ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास चौकीला धूर दिसला. ग्नायझेनाउ आणि न्युर्नबर्ग बिनतारी केंद्रावर मारा करायला पुढे निघाल्या. स्टर्डींच्या नौकांवर कोळशाची धूळ उडतेय, बॉयलर पुरते पेटलेले नाहीत. त्या अर्ध्या-पाऊण तासात जर्मन बंदराच्या तोंडाशी पोचले असते तर काय झालं असतं, कल्पना करा.

९ वाजून २० मिनिटांनी कॅनोपसने तोफ डागली, टेकडीच्या माथ्यावरून पलीकडे, सहा मैलांहून जास्त अंतरावर. पहिली फैर अलीकडे पडली. पण दुसऱ्या फैरीतला एक गोळा पाण्यावर आपटून उसळला आणि ग्नायझेनाउच्या मागच्या धुराड्याच्या बुडाशी जाऊन आदळला. जहाजावरच्यांनी नंतर सांगितलेली हकीकत अशी की दुसऱ्या दिवशी नेमबाजीचा सराव होता. मागच्या बुरुजावरच्या मुलांनी पुढच्या बुरुजाला हरवायचं म्हणून रात्रीच सरावाचे गोळे भरून ठेवले. सकाळी ते काढायला वेळ नव्हता. सरावाचा गोळा पाण्यावर आपटून फुटत नाही, म्हणून तो उसळला.

दोन्ही जर्मन नौका वळल्या. थोड्याच वेळात त्यांना बंदरात बॅटलक्रूझरच्या तीन पायांच्या डोलकाठ्या दिसल्या. त्यानंतर ते पळत होते आणि स्टर्डी पाठलाग करत होते. रात्रीपर्यंत शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाउ, न्युर्नबर्ग, लाइपझिग बुडाल्या. सुमारे २,२०० जर्मन गेले, त्यात श्पे आणि त्यांचे दोन मुलगे. ब्रिटिशांची दहा माणसं. ड्रेस्डेन तेवढी सुटली, ती मार्चपर्यंत.

कॅनोपस दिवसभर गाळातच होती.

---

माणदेशी

यातली एक बाजू आपल्या घराजवळची आहे म्हणून जोडतो. कॅनोपसची बहीण ‘ओशन’. १६ ऑक्टोबर १९१४ ला मुंबईहून निघालेल्या सैन्याच्या जहाजांबरोबर ती बहरीनपर्यंत गेली. त्या जहाजांत सहाव्या पूना डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड होती आणि तीत ११७ वी मराठा पलटण. हेच सैन्य ६ नोव्हेंबरला इराकच्या किनाऱ्यावर फाओला उतरलं. तिथल्या शत-अल-अरब नदीच्या मुखाशी गाळाचा उंच बांध आहे, तिथे ओशनचं पाणी जास्त लागतं, म्हणून तिला बाहेरच थांबावं लागलं. ‘स्विफ्टशुअर’ ही दुसऱ्या जातीची जुनी युद्धनौका मुंबई ते एडन हिंदी सैन्याच्या ताफ्यांना सोबत करत होती.

मुंबईच्या समुद्रात सोबतीला नव्या नौका का नव्हत्या? कारण त्या सगळ्या जर्मनीसमोर उत्तर समुद्रात उभ्या होत्या. बाकी जगभर या म्हाताऱ्यांनाच कामाला लावलं होतं. आणि मद्रासवर २२ सप्टेंबरला गोळे टाकणारी एमडेन ही जर्मन क्रूझरसुद्धा श्पेंच्याच ताफ्यातून सुटून आलेली. आमच्या गावच्या चावडीवर पहिल्या युद्धात गेलेल्यांचा संगमरवरी दगड आहे. लहानपणी त्यावर हात फिरवून आकडे वाचायचो. ११७ वी पुढे इराकमधल्या कुतच्या वेढ्यात सापडली. ती पुन्हा एकदा लिहीन.

---

कृत्तिका

@माणदेशी, जरूर लिहा, वेगळा धागाच काढा.

ओशनचं पुढे काय झालं?

---

माणदेशी

पाच महिन्यांत संपली. १८ मार्च १९१५, तुर्कस्तानातली दार्दानेल्सची सामुद्रधुनी, सुरुंग. गोलायथ मे महिन्यात तिथेच टॉर्पेडोने बुडाली, ५७० माणसं घेऊन.

---

तांडेल

कॅनोपसही फेब्रुवारी १९१५ पासून दार्दानेल्सला होती. २५ एप्रिलला मुख्य सैन्य उतरत असताना बुलेरकडे खोटा हल्ला दाखवायच्या ताफ्यात ती होती. १९१६ मध्ये तिला घरी आणून रिकामी केली, खलाशी इतर जहाजांवर वाटून दिले. शेवटी नुसतं राहायचं जहाज. १९२० मध्ये डोव्हरला भंगारात गेली. स्टॅन्लीजवळच्या एका टेकडीला मात्र आजही कॅनोपस हिल म्हणतात, आणि ८ डिसेंबरला बेटांवर सुट्टी असते.

दार्दानेल्सची एकच गोष्ट सविस्तर सांगतो. २२-२३ मे ला गाबा टेपेसमोर अल्बियन वाळूच्या पट्टीवर चढली. तुर्की तोफांचा मारा सुरू झाला. वजन कमी करण्यासाठी सामान फेकलं, धक्क्याने तरी सुटेल म्हणून सगळ्या मोठ्या तोफा एकदम डागल्या. शेवटी कॅनोपसने दोर लावला आणि माऱ्यातच तिला ओढून काढलं.

---

हर्णैचा_आगवाला

तांडेल, हे मला ठाऊक नव्हतं. वाळूत रुतलेली तेरा हजार टनांची बोट ओढायची म्हणजे काय, ते ऐका. दोर ताणला की आपली बोट जागच्या जागी थांबते, पण स्क्रू (बोटीचा पंखा) पूर्ण ताकदीने फिरत राहतो. इंजिनवर जितका भार अशा वेळी येतो तितका मोकळ्या समुद्रात कधीच येत नाही. वाफेचा दाब पडू द्यायचा नाही. कोळसा टाकणाऱ्यांना थांबायचं नाही. निर्वात थोडा जरी ढळला तर ताकद गेली, म्हणजे कंडेन्सर घट्ट हवा. उथळ पाण्यात पंपातून वाळू आत येते, तिच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस वेगळा. आणि वरती गोळे पडतायत हे खाली फक्त आवाजावरून कळतं.

ही तीच इंजिनं. ऑक्टोबरमध्ये ती १२ नॉटच्या वर जाणार नाहीत असं सांगितलं होतं. त्यानंतर ती स्टॅन्लीहून दार्दानेल्सपर्यंत सगळा अटलांटिक ओलांडून आली होती आणि मे महिन्यात त्यांनी ही ओढ दिली. खाली त्या दिवशी ज्यांची पाळी होती त्यांच्यातले निम्मे तरी डेनबोंच्या हाताखाली हे बॉयलर शिकले असतील.